बेथानीच्या सात जणी

आमच्या शाळेच्या फाटकावर तीन गोष्टी रंगवलेल्या आहेत. जिच्या नावाची ही शाळा त्या संत नोटबुर्गाचं चित्र, त्याखाली ‘प्रार्थना करा, कष्ट करा’ हे वाक्य, आणि त्याहीखाली गेल्या वर्षीची सरासरी. चित्राचा रंग उडून संतिणीचं नाक गेलंय. वाक्यातली अक्षरं पावसानं धुतलीत. सरासरीचा आकडा मात्र दर वर्षी निकाल लागला की लाल ऑइलपेंटनं नव्यानं काढतात. फाटकातून आत येणारे आईबाप छातीवर क्रूस करतात तेव्हा त्यांची नजर कुठं असते ते मी कित्येकदा पाहिलंय. संतिणीवर नसते.

फॉर्म फोरच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, सगळ्या मुलींचे बोर्डाचे गुण एकत्र करून त्यांना मुलींच्या संख्येनं भागलं की जो येतो तो हा आकडा. वर गेला तर बैल कापतात, आम्हा शिक्षकांना मोंबासाची सहल घडवतात आणि बिशपसाहेब जेवायला येतात. खाली आला तर सुतकच. केनियातल्या आमच्या मेरूच्या या सगळ्या डोंगरात मुलींची लग्नं, जमिनीचे भाव आणि शाळांची सरासरी यांवर माणसं सारख्याच आवेशानं बोलतात, त्यामुळं मलाही आधी त्यात काही वावगं वाटत नसे. किळस आली ती जानेवारीतल्या एका बैठकीत.

शिक्षकांच्या खोलीत चहा होता, तळलेल्या मंदाझी होत्या, आणि भिंतीवर मुतेंबेई सरांनी डकवलेला एक मोठा तक्ता होता. मुतेंबेई सर आमचे अभ्यासप्रमुख. माणूस गणिताचा, पण त्याला मुली कधी दिसल्याच नाहीत, नुसते हिरवे, पिवळे आणि लाल चौकोन दिसले. तक्त्यावर मथळा होता: ‘निकाल मूल्यमापन आणि सुधारणा’. तळाशी सात लाल चौकोन होते, आणि ते सातही माझ्या वर्गातले.

“हे सात दात किडलेत,” पट्टीनं चौकोनांवर टकटक करत सर म्हणाले. “किडका दात काढला की तोंड स्वच्छ. मी हिशेब करून बघितलाय. या सात गेल्या की आकडा उडी मारतो.”

“मला दात दिसत नाहीत सर, मुली दिसतात,” मी म्हणाले. “आणि गेल्या म्हणजे कुठं गेल्या?”

मुख्याध्यापिका सिस्टर पास्कालिना हसल्या. त्यांचा आवाज फार मऊ. मुलींना मलेरिया झाला की रात्रभर उशाशी बसणारी ही बाई, म्हणून तर त्यांचं बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

“अगं गातवीरी, कुणाला हाकलायचंय का आपल्याला? त्या इथंच राहतील, इथंच शिकतील, इथंच जेवतील. फक्त बोर्डाकडं त्यांची नावं टेकडीखालच्या डे स्कूलमधून जातील, आणि परीक्षेच्या दिवसांत आपली व्हॅन त्यांना तिथं सोडेल. तिथल्या हेडमास्तरांशी बोलणं झालंय. आपल्याकडची जुनी सूक्ष्मदर्शकं त्यांना हवीच होती.”

“म्हणजे मुली देऊन वर सूक्ष्मदर्शकंही द्यायची.”

“त्या गटाला मी नावसुद्धा दिलंय,” माझं बोलणं जणू ऐकूच न आल्यासारखं त्या म्हणाल्या. “बेथानी. प्रभू येशू थकला की कुठं जायचा? बेथानीला, मार्था आणि मरियेच्या घरी. या पोरींनाही आकड्याच्या ओझ्यापासून जरा विसावा.”

“बेथानीत त्यांच्या भावाचं, लाजरसाचं थडगंही होतं, सिस्टर.”

कुणीतरी चहा भुरकला. मग मुतेंबेई सर म्हणाले, “गातवीरी मॅडमना मोंबासाला यायचं नसेल,” आणि सगळे हसले. त्या हसण्याबरोबर ठराव मंजूर झाला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं हे मी समजू शकते. पण ते भांडं देव्हाऱ्यात नेऊन ठेवायचं, त्याला बायबलमधलं नाव द्यायचं, ही कला आमच्याकडचीच.

मी फादर किरिन्यांकडे गेले. ते आमच्या परगण्याचे धर्मगुरू आणि शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. टीव्हीवर फुटबॉल चालू होता आणि हातात भाजलेलं कणीस होतं. मी सगळं सांगितलं, त्यांनी सगळं ऐकलं, म्हणजे मध्यंतर होतं म्हणून ऐकलं.

“हे बघ, तू नव्याण्णव मेंढरांचा विचार कर,” ते म्हणाले.

“फादर, ती गोष्ट उलटी आहे. मेंढपाळ नव्याण्णव तिथंच सोडून एकीच्या मागं जातो.”

फादर दाणे चावत खूप हसले. “बरोबर आहे गं तुझं. पण तेव्हा सरासरी नव्हती ना!”

तो विनोद त्यांना इतका आवडला की पुढच्याच रविवारी चर्चच्या दारात त्यांनी तो दुसऱ्या कुणाला तरी सांगितला. मी शेजारीच उभी होते.

सात जणींतली एक होती कथुरे, इमेल्डा कथुरे. गणितात कच्ची, भौतिकशास्त्रात त्याहून कच्ची. त्यात गूढ काही नाही, काही माणसं आकड्यांत कच्ची असतात. पण शाळेचं गायनपथक तिच्या आवाजावर उभं होतं, आणि घरच्या आठवणीनं रडणाऱ्या फॉर्म वनच्या पोरी वॉर्डनकडे न जाता तिच्या खाटेवर जाऊन बसायच्या. तक्त्यावर याला चौकोन नव्हता.

तिचे वडील झाकायो म्वोंगेरा परगण्यातले धर्मशिक्षक. ज्या वाड्यावस्त्यांवर फादर महिनोन्महिने पोचत नाहीत तिथं रविवारी प्रार्थना घ्यायची, पोरांना बाप्तिस्म्याआधीचे धडे द्यायचे, मेलेल्यांना पोचवायचं, हे सगळं पायी. आमची टेकडीवरची शाळा इटालियन पाद्र्यांनी बांधली तेव्हा नदीतले दगड पाठीवर वाहून आणणाऱ्यांत म्वोंगेरांचे वडील होते. त्यामुळं ते कधी ‘नोटबुर्गा’ म्हणायचे नाहीत, ‘आमची शाळा’ म्हणायचे. मुलीला तिथं प्रवेश मिळाला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गावाला चहा पाजला होता.

सिस्टरनी सातही जणींना चॅपेलमध्ये बोलावून बेथानीची गोष्ट सांगितली, प्रत्येकीला एक रोझरीची माळ दिली आणि एक मरून रंगाचा स्वेटर दिला. आमच्या शाळेचा स्वेटर हिरवा. मरून खालच्या शाळेचा. तो ट्रंकेत तळाशी ठेवायचा आणि परीक्षेच्या दिवशी व्हॅनमध्ये बसल्यावर बदलायचा, परत येताना उतरण्याआधी हिरवा घालायचा. चोरानं मुखवटा चढवावा तसा या पोरींनी स्वेटर चढवायचा, आणि वर हातात रोझरी.

संध्याकाळी कथुरे माझ्याकडे आली. रडत नव्हती.

“मॅडम, तुम्ही बाबांना सांगणार आहात का?”

“सांगणारच. आणि सातही घरी जाऊन सांगणार.”

“बाकीच्यांचं त्यांना विचारा. माझ्या घरी नका जाऊ. बाबा गावभर सांगत फिरतात, माझी पोर नोटबुर्गामधून बोर्डाला बसणार. त्यांना कळलं तर ते काही बोलणार नाहीत, नुसते गप्प होतील. मला ते बघवणार नाही.”

“अगं वेडे, लाज तुला कशाला? लाज यांना वाटायला हवी!”

“हवी, मॅडम,” ती म्हणाली. “पण वाटते मलाच.”

बाकीच्या सहा जणींनीही तेच सांगितलं. एकीनं तर माझे पाय धरले. घरी कळलं तर बाप म्हणेल, मग कशाला शिकवायचं, चहाच्या मळ्यात जा पानं खुडायला. मी शब्द दिला आणि वर्षभर जीभ दाताखाली धरली. कारण शाळेला लाज नाही म्हणून त्यांची उघड्यावर टांगायचा मला काही अधिकार नव्हता.

वर्ष गेलं. कथुरे शिकत राहिली आणि मी तिला रात्रीच्या अभ्यासाच्या तासाला जादा शिकवत राहिले. मुतेंबेई सर वर्गात यायचे तेव्हा या सात जणींच्या वह्या उघडूनही बघायचे नाहीत. त्यांच्या हिशेबातून त्या गेल्या होत्या. एकदा कथुरेनं हात वर करून काही विचारलं तर ते म्हणाले, “तुझं उत्तर तू तुझ्या सरांना विचार, खाली,” आणि पुढच्या बाकाकडे वळले. सगळ्या वर्गासमोर. आणि हाच माणूस रविवारी पहिल्या बाकावर डोळे मिटून हात जोडून बसतो. वरून कीर्तन आतून तमाशा, दुसरं काय!

ऑक्टोबरात प्रार्थनादिवस आला. आमच्याकडे बोर्डाच्या परीक्षेआधीच्या शनिवारी फॉर्म फोरच्या मुली आपापली पेनं, पट्ट्या, कंपासपेट्या हातात घेऊन मैदानावर रांगा करतात. प्रत्येकीच्या मागं तिची आई किंवा बाप उभा राहतो, तिच्या खांद्यावर हात ठेवून. फादर रांगांतून फिरतात आणि पेनांवर, पोरींवर, खांद्यावरच्या हातांवर पवित्र पाणी शिंपडतात. मग पिलाव, मटणाचा रस्सा, चपात्या, भाषणं. त्या दिवसासाठी आया उसन्या हॅट आणतात.

बेथानीच्या घरी आमंत्रणंच गेली नव्हती. मुतेंबेई सरांनी सगळी व्यवस्था चोख लावली होती. सात जणींनी त्या दिवशी मरून स्वेटर घालून स्वयंपाकघरात बसायचं आणि बटाटे सोलायचे. कुणा पालकानं पाहिलंच तर वाटेल, खालच्या शाळेच्या पोरी मदतीला आल्यात. मलाही देखरेखीच्या नावाखाली स्वयंपाकघरातच बसवलं, म्हणजे माझं तोंड मैदानापासून लांब.

स्वयंपाकघरात मामा म्वेंडाचं राज्य. तिनं मरून स्वेटरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, या पोरींना मी चार वर्षं मका-घेवड्याची गिथेरी वाढतेय. आज या पाहुण्या कशा झाल्या?”

“मोठ्या डोक्यांचं काम आहे, मामा. तुला-मला कळायचं नाही.”

“कळतं की. कोंबडी झाकायला टोपली लागते, कळायला काय लागतं?” तिनं एक थुंकी चुलीच्या राखेत टाकली. ती अगदी माझ्या मनातली होती.

खिडकीतून मैदान दिसत होतं. हिरव्या स्वेटरांच्या रांगा, मागं हॅट आणि कोट. मुतेंबेई सर माईकवर. मग घंटा झाली, फादर किरिन्या पांढऱ्या झग्यात बाहेर आले, आणि त्यांच्या बरोबर पवित्र पाण्याची बादली धरून झाकायो म्वोंगेरा.

कथुरेच्या हातातला बटाटा खाली पडला.

“बाबा मुथांबीच्या वस्तीवर जाणार होते,” ती पुटपुटली. “मी सांगितलं होतं, यंदा प्रार्थनादिवस होणार नाहीये म्हणून.”

सगळं आखलं होतं आमच्या हुशार माणसांनी. आमंत्रणं, स्वेटर, बटाटे, माझं तोंड. फक्त एवढंच विसरले, की पाणी शिंपडणारा जिथं जातो तिथं बादली धरणाराही जातो. हे परगण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बादली धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघण्याची आमच्या मोठ्यांना सवयच नाही. फादरनी सकाळी निरोप धाडला, तो आला, आणि आल्यावर कळलं की प्रार्थनादिवस आहे.

म्वोंगेरा पहिल्या रांगेतून गेले. फादर शिंपडत होते आणि ते प्रत्येक चेहऱ्याकडे पाहत होते. दुसरी रांग, तिसरी. त्यांची मान एकेका मुलीपाशी थांबत होती. शेवटची रांगही संपली. फादर व्यासपीठाकडे वळले, आणि म्वोंगेरा वळले पुन्हा पहिल्या रांगेकडे.

फादरनी हात मागं नेला तर तिथं बादली नव्हती. “म्वोंगेरा! अहो, झालं सगळं. या इकडं.”

“नाही फादर. एक राहिलीय.”

“कोण राहिलीय?”

“माझी.”

आणि ते चालू लागले, बादली पुढं, आणि पांढऱ्या झग्यातले फादर मागं. लोक हसले. मुतेंबेई सरांनी घाईनं माईकवर भक्तिगीत सुरू करायला लावलं. पथकाचा मुख्य आवाज तर माझ्या शेजारी बटाटे सोलत होता, त्यामुळं गाणं कुणी उचलेना. म्वोंगेरा दुसऱ्यांदा प्रत्येक मुलीसमोर थांबत होते. आधीच्या फेरीत आपलीच नजर चुकली असेल, असं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं.

कथुरेनं सुरी खाली ठेवली. स्वेटर काढायला तिनं हात वर घेतले, अर्धा वर केला, आणि पुन्हा खाली ओढला.

“नको,” ती म्हणाली. “त्यांना एकदा खोटं सांगितलं तेवढं पुरे.”

मामा म्वेंडानं दार उघडलं. “जा पोरी. बटाटे काही पळून जात नाहीत.”

ती गेली. राहिलेल्या सहा जणींनी एकमेकींकडे बघितलं, सुऱ्या खाली ठेवल्या आणि तिच्या मागोमाग निघाल्या. मला तिथंच थांबायला सांगितलं होतं खरं, पण मी त्यांच्या मागून गेले.

सात मरून स्वेटर शेवटच्या हिरव्या रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. गाणं आपोआप बंद पडलं. म्वोंगेरा बादली घेऊन तिच्यासमोर आले. आधी त्यांनी तिचा चेहरा पाहिला, आणि हसले. मग स्वेटर पाहिला.

“हा कुणाचा?”

“ज्यांनी मला परीक्षेला घेतलं त्यांचा, बाबा.”

म्वोंगेरांना समजलं नाही. समजायला माणसाच्या डोक्यात तसली घाण असावी लागते. ते सिस्टर पास्कालिनांकडे बघत राहिले.

एवढ्यात रांगेतल्या एका हॅटवाल्या आईनं आपल्या मुलीला खांद्याला धरून थोडं बाजूला ओढलं. “सिस्टर, या डे स्कूलच्या पोरी आमच्या रांगेत कशाला?”

सिस्टर पुढं आल्या. चेहऱ्यावर तोच मायाळूपणा. “स्वयंपाकाच्या मदतीला आल्यात हो, गरीब आहेत. चुकून इकडं आल्या.”

सात जणींच्या तोंडावर. कथुरेच्या बापासमोर. ज्या पोरींच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत त्या रात्र-रात्र बसल्या होत्या त्यांच्यासमोर. मी दिलेल्या शब्दाला आता अर्थ उरला नव्हता.

“चुकून नाही आल्या!” मी ओरडले. “या आमच्याच आहेत! फॉर्म फोर ईस्ट, माझा वर्ग! यांच्यामुळं सरासरी खाली येते म्हणून यांची नावं शाळेनं गुपचूप खालून पाठवलीत! आज तुमच्या नजरेला पडू नयेत म्हणून बटाटे सोलायला बसवलं होतं यांना!”

मैदानावर कुजबुज उठली. मला वाटलं, आता उठतील. आईबाप आहेत, लेकींच्या खांद्यावर हात आहेत, आता तरी कुणाच्या तरी पोटात तुटेल. पुढच्या रांगेतला एक करड्या कोटातला गृहस्थ घसा खाकरून म्हणाला, “मुतेंबेई सर, म्हणजे मग यंदा आकडा कुठवर जाईल?”

आणि मुतेंबेई सरांनी माईकवर उत्तर दिलं. सवयीनं दिलं असेल, पण दिलं. आकडा ऐकून दोघातिघांनी माना डोलावल्या. एका बाईनं तर ‘देवाची कृपा’ म्हटलं. त्या क्षणी मला जी शिसारी आली ती शाळेची नव्हती, सिस्टरचीही नव्हती. त्या डोलणाऱ्या मानांची होती.

म्वोंगेरांना आता कळलं होतं. ते गप्प झाले, कथुरे म्हणाली होती तसेच. त्यांनी बादली गवतावर ठेवली, लेकीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, मरून स्वेटरवर. मग त्यांनी फादरकडे पाहिलं.

“टाका पाणी, फादर.”

फादर हलले नाहीत. उरलेल्या सहा जणी समोर बघत उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागं कुणीच नव्हतं. त्यांच्या आया या वेळी मळ्यात पानं खुडत असतील. मी जाऊन दोघींच्या मध्ये उभी राहिले, माझे हात दोनच. मग माझ्या शेजारून कांद्याचा वास गेला. मामा म्वेंडा पदरासारख्या बांधलेल्या लेसोच्या कापडाला हात पुसत आली होती, आणि तिच्या मागून बाकीच्या स्वयंपाकिणी. एकेकीनं एकेक पोर वाटून घेतली. ज्या पोरींच्या हातात पेनं नव्हती, बटाट्याचा चीक होता, त्यांच्या खांद्यांवर पिठाचे हात पडले.

“फादर, लवकर करा,” मामा म्वेंडा म्हणाली. “तिकडं माझा रस्सा करपतोय.”

बादली धरायला कुणी नव्हतं. शेवटी फादर किरिन्यांनी ती स्वतःच उचलली.

सोमवारी बैठक झाली. भिंतीवर नवा तक्ता होता: ‘प्रार्थनादिवस: मूल्यमापन आणि सुधारणा’. मला वाटलं होतं, कुणीतरी मान खाली घालेल. मुतेंबेई सरांनी खडूनं फळ्यावर लिहिलं: पुढच्या वर्षापासून बेथानी गटाला त्या दिवशी सहलीला न्यावे. धर्मशिक्षकाऐवजी बादली धरायला शाळेचा माणूस असावा. त्याखाली, स्वयंपाकिणींना समज द्यावी. सिस्टर म्हणाल्या, “फार मोलाच्या सूचना.” मग माझ्या बदलीचा विषय निघाला, आणि मला त्यांच्यासमोर बसून चहा पिण्यापेक्षा ती गोड वाटली. म्हणे सुधारणा! यांची सुधारणा म्हणजे घाण उचलणं नव्हे, तिच्यावरचं झाकण घट्ट बसवणं.

परीक्षेच्या पहिल्या सकाळी डोंगरावर धुकं होतं. फाटकाशी व्हॅन उभी होती आणि म्वोंगेराही उभे होते. सात जणी मरून स्वेटर घालूनच खोल्यांतून बाहेर आल्या. तसंच न्याहारीच्या रांगेत सगळ्या शाळेसमोर उभं राहून त्यांनी उजीची पेज प्यायली होती.

“व्हॅन नको,” म्वोंगेरा मला म्हणाले. “चोरी केलेली नाही आपण. रस्त्यानं जाऊ, उताराचाच आहे. मी आहे बरोबर.”

आम्ही निघालो तर मागून सिस्टर पास्कालिना धावत आल्या. धाप लागली होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि वाईट हे की ते पाणी खरं होतं. त्यांनी हात वर केला, बोटं आशीर्वादासाठी जुळवली.

“माझ्या मुलींनो—”

कथुरे थांबली आणि अदबीनं वळली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सिस्टरना सोसला असता.

“सिस्टर, तुमच्या मुली वर हॉलमध्ये बसल्यात. त्यांना द्या. आकडा त्यांचा लागायचाय.”

म्वोंगेरांनी लेकीची कंपासपेटी आपल्या हातात घेतली आणि ते उताराला लागले. सिस्टरचा हात तसाच वर राहिला होता. मी मागं वळून एकदाच पाहिलं आणि मुलींच्या पाठोपाठ चालू लागले, कारण खालच्या शाळेची घंटा व्हायला आली होती.